न्हावीकामाची उमेदवारी

अरबी भाषेत एक म्हण आहे : अनाथांच्या डोक्यांवर हजामत शिकणे. जो नवशिका आपल्या अननुभवाची किंमत दुबळ्यांकडून वसूल करतो, त्याला उद्देशून ती वापरतात. मराठीत रुळलेला ‘हजामत’ हा शब्दही मूळचा अरबीच. तुंबडी लावून अंगातले रक्त काढणे असा त्याचा पूर्वीचा अर्थ. कारण ते काम आणि केस कापण्याचे काम अनेक देशांत एकाच माणसाच्या हाती असे. म्हणीतील टोमणा सोडून दिला, तरी या धंद्याच्या शिक्षणातली खरी अडचण तिने अचूक पकडली आहे. सुताराचा उमेदवार चार फळ्या बिघडवतो. शिंप्याचा उमेदवार चिंध्यांवर टीप घालतो. कुंभाराचे मडके चाकावरच बसले, तर माती पुन्हा मळून घेता येते. न्हाव्याच्या उमेदवाराला मात्र डोके लागते आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी लागते. ते डोके जिवंत असते, आरशात पाहत असते, आणि काम संपल्यावर रस्त्यातून चालत घरी जाणार असते.

हे डोके मिळवायचे कोठून? लहानपणापासून शिकणाऱ्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नसे. ते त्याच्या घरातच तयार असे. वडील धोकटी घेऊन वाड्यावस्त्यांवर निघाले, की मुलगा बरोबर जाई. पाण्याची वाटी भरून देणे, आरसा धरून उभे राहणे, पडलेले केस गोळा करणे, नराणी आणि कात्री पुसून पुन्हा धोकटीत घालणे, ही त्याची कामे. कोणी त्याला धडा दिला नाही, कोणी परीक्षा घेतली नाही. पण सात-आठ वर्षे रोज वडिलांच्या मनगटाकडे पाहण्यात गेल्यावर डोळा शिकलेला असे. हाताला फक्त त्याच्या मागून जायचे असे. मग एखाद्या दिवशी धाकट्या भावाचे डोके पुढ्यात येई. त्यानंतर घरच्या ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांचे, ज्यांना कल्ले थोडे वरखाली झाल्याची फिकीर उरलेली नसे. पोराच्या हातून चूक झाली, तर चार माणसे हसत आणि विषय संपे. बलुत्याच्या पद्धतीत दर हजामतीचे पैसे मोजले जात नसत. सुगीला धान्य मिळे. त्यामुळे पोराने बिघडवलेल्या एका डोक्याचा हिशेब कोणी स्वतंत्रपणे मागत नसे.

तिशी-पस्तिशीत हे काम शिकायला येणाऱ्या माणसाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. असे उमेदवार पूर्वी विरळ होते, आज तसे नाहीत. कोणाचा कारखाना बंद पडलेला असतो. कोणी परदेशातली नोकरी संपवून परत आलेला असतो. कोणाच्या आजोबांचा हाच धंदा होता. वडिलांनी मुलाला त्यापासून मुद्दाम दूर ठेवले, शाळेत घातले, कचेरीत चिकटवले. आणि ती कचेरी टिकली नाही, तेव्हा तो आजोबांच्या कात्रीकडे वळला. कित्येक स्त्रिया आहेत. आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी वस्तरा हाती धरला नव्हता, अशा घरांतली मुलेही आहेत. या सर्वांना घर चालवायचे असते, त्यामुळे सात-आठ वर्षे आरसा धरून उभे राहण्याची सवड त्यांना नसते. आणि त्यांच्या चुकीवर कोणी हसून विषय संपवत नाही. मोठ्या माणसाने केलेली चूक ही गिऱ्हाइकाच्या लेखी फसवणूकच असते.

पहिली परीक्षा कात्रीची. घरात कापड किंवा कागद कापताना माणसे कात्री कशीही धरतात, दोन्ही पाती हलवतात, आणि काम होते. न्हाव्याच्या कात्रीत एका कडीत अंगठा आणि दुसरीत अनामिका जाते. करंगळी मागच्या आकड्यावर टेकते. उरलेली दोन बोटे दांड्याला आधार देतात. एक पाते निश्चल राहिले पाहिजे आणि दुसरे केवळ अंगठ्याने हलले पाहिजे. हे ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु तीस वर्षे मूठ आवळून काम केलेल्या हाताला अंगठा तेवढा सुटा हलवणे फार जड जाते. बाकीची बोटे त्याच्या मदतीला धावतात, पाते डगमगते आणि केसांत पायऱ्या पडतात. म्हणून चांगला शिक्षक उमेदवाराला पहिले काही दिवस केसांजवळ फिरकूच देत नाही. नुसती कात्री हवेत चालवायला लावतो. मग डाव्या हातात कंगवा देतो. कंगवा केस उचलीत खालून वर सरकतो आणि कात्री त्याच्या दातांवरून, त्याच गतीने, चालत राहते. दोन हातांच्या गतींत किंचित फरक पडला, की तो डोक्यावर उमटतो. दिवसभर असे केल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. जुने कारागीर म्हणतात, की ते दुखायचे थांबले म्हणजे शिकायला सुरुवात झाली.

विजेवर चालणारे मशीन आल्यापासून ही पायरी गाळण्याचा मोह वाढला आहे. अमेरिकेत लिओ वॉल याने असे मशीन १९१९ मध्ये बनवले आणि १९२१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज भारतातल्या लहानशा गावातही ते पोचले आहे. त्याला लावायच्या कंगव्यांना क्रमांक असतात. एक नंबरचा कंगवा सुमारे तीन मिलिमीटर केस ठेवतो, दोन नंबरचा सहा. क्रमांक लावला आणि फिरवला, की काम झाले, असे नवशिक्याला वाटते. पण एका लांबीतून दुसऱ्या लांबीत केस जेथे मिसळायचे असतात, तेथे क्रमांक काही सांगत नाही. तेथे पुन्हा कात्री, कंगवा आणि डोळा यांनाच बोलवावे लागते. मशीनवर आधी शिकलेला उमेदवार याच पट्टीत अडखळतो, आणि गिऱ्हाईक घरी गेल्यावर घरची माणसे नेमके तेच पाहतात.

हातानंतर डोके. डोके गोल असते ही समजूत पहिल्या आठवड्यातच मोडते. प्रत्येक कवटीला उंचवटे आणि सपाट्या असतात, जुन्या खोकांचे वण असतात. माथ्यावर भोवरा असतो, कित्येकांना दोन असतात. भोवऱ्याजवळचे केस जरा अधिक आखूड कापले गेले, की ते ताठ उभे राहतात आणि तेल-पाण्याला दाद देत नाहीत. ओला केस ताणला जातो व लांब दिसतो. वाळला की आखडतो, कुरळा असेल तर फारच आखडतो. तेव्हा ओले असताना बरोबर दिसलेले माप वाळल्यावर चुकलेले असते. बहुतेकांचे दोन कान नेमके एका पातळीवर नसतात. त्यामुळे कानावरून मोजून सोडलेले कल्ले वरखाली होतात; ते मोजावे लागतात आरशात, समोरून. आणि आरशात तर उजवे ते डावे दिसते. पुढ्यातल्या डोक्याकडे आणि आरशातल्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहत हात चालू ठेवणे ही एक वेगळीच कसरत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाचे जावळ नवशिक्याच्या हाती कोणी देत नाही, त्याचेही कारण उघड आहे. त्या वयात टाळू पुरती भरलेली नसते, आणि मूल हलायचे थांबत नाही.

येथे प्रौढ उमेदवाराला एक लाभही असतो, तो नाकारता येणार नाही. मुलाचा हात लवकर वळतो, पण असे का करायचे हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. वडील करीत, म्हणून तो करतो. मोठा माणूस कारण विचारतो. केस का आखडला, रेषा का बिघडली, कोणत्या बाजूने सुरुवात करावी, याचा तो विचार करतो, आणि कारण समजले की तीच चूक कमी वेळा करतो. शिवाय त्याला माणसे कळतात. गिऱ्हाईक ‘थोडे कमी करा’ म्हणते, तेव्हा त्या ‘थोड्या’चा अर्थ दर माणसागणिक निराळा असतो. सासुरवाडीला निघालेला तरुण आणि निवृत्त होऊन महिना झालेला कारकून यांच्या मनातले ‘थोडे’ एक नव्हे. हे ओळखण्यासाठी जगात काही वर्षे वावरलेले असणे उपयोगी पडते.

मात्र वस्तऱ्यापाशी ही समजूतदारी पुरत नाही. मानेवर, कंठमण्यावर, उघड्या कातडीवर पाते ठेवायचे आणि हात कापू द्यायचा नाही, ही गोष्ट कारण समजून साधत नाही. दाढीचे केस आधी कोमट पाण्याने आणि फेसाने भिजवावे लागतात; पाणी प्यालेला केस फुगतो, मऊ होतो, आणि पात्याला कमी विरोध करतो. पाते कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरतात. कोन वाढला तर कातडी कापते, कमी झाला तर पाते नुसते घासते. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावी लागते. पहिला हात केसांच्या वळणाने जातो, आणि हे वळण गालावर खाली असले, तरी गळ्यावर आडवे किंवा उलटे असू शकते. ते बोट फिरवून आधी पाहावे लागते. शिक्षणसंस्थांत यासाठी एक गमतीचा पण कठोर सराव असतो. फुगलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो काढायचा. फुगा फुटला, की सर्वांना ऐकू जाते. किती फुगे फुटल्यावर पहिला गाल मिळतो, याला नियम नाही.

वस्तरा कसा चालवावा याबरोबरच तो कोणाच्या डोक्यावर चालवू नये, हेही या धंद्याने एकदा जाहीरपणे ठरवले होते. विधवांचे केशवपन करण्यास आपण यापुढे हात लावणार नाही, असा निश्चय मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला. त्या काळी सुधारकांची व्याख्याने पुष्कळ झाली. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनी तो खाली ठेवण्याचे मोल निराळे होते. न्हावीकाम शिकवणाऱ्या पुस्तकांत या घटनेचा एक परिच्छेद असावयास हरकत नाही.

स्वच्छता हा विषय पूर्वी धंद्याच्या शिक्षणात वेगळा शिकवला जात नसे. आज तो टाळता येत नाही. काविळीचा ‘हेपटायटिस बी’ हा प्रकार रक्तातून पसरतो, आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकू शकतो. कापल्याचे दिसतही नाही इतक्या सूक्ष्म जखमेतून तो एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार लावलेला जुना अखंड वस्तरा दुकानांतून बहुतेक गेला, आणि त्याच्या जागी नव्या पात्याचा अर्धा तुकडा बसवण्याची मूठ आली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाते मोडून बसवणे आणि काम संपताच ते टाकून देणे, हा केवळ शिष्टाचार नाही. तुरटीने रक्त थांबते, त्वचा आवळते. विषाणू मरतो असे समजून पाते पुन्हा वापरणे चूक आहे. कंगवे धुऊन जंतुनाशक द्रावणात ठेवणे, टॉवेल दर माणशी बदलणे, गजकर्ण दिसले तर ते ओळखणे, या गोष्टी प्रौढ उमेदवार बहुधा लवकर उचलतो. त्याच्या पायांना मात्र वेळ लागतो. दहा तास उभे राहण्याची सवय नसलेल्या माणसाच्या पोटऱ्या भरून येतात, आणि खांद्याच्या उंचीवर धरलेले हात संध्याकाळी खाली येऊनही हलके वाटत नाहीत. जाणते शिक्षक म्हणूनच खुर्चीची उंची गिऱ्हाइकापेक्षा कारागिराच्या कोपराकडे पाहून ठरवायला शिकवतात.

एवढे सगळे शिकवून झाले, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो : डोके कोण देणार? युरोपात त्याचे उत्तर दीर्घ उमेदवारीने दिले जाई. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा संघ १५४० मध्ये एकत्र करण्यात आला आणि १७४५ मध्ये पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळात, १५६३ च्या कायद्याने, कारागिरीच्या उमेदवारीला निदान सात वर्षांची मुदत घालण्यात आली होती. सात वर्षांत वस्तादाच्या दुकानातली डोकी आपोआप उमेदवाराच्या वाट्याला येत. प्रौढ माणसाला सात वर्षे परवडत नाहीत, हे ओळखून निराळी सोय केली ती ए. बी. मोलर या गृहस्थाने. १८९३ मध्ये त्याने शिकागो शहरात न्हावीकामाचे विद्यालय काढले. उमेदवारीची वर्षे तेथे आठवड्यांवर आली. अशा विद्यालयांची युक्ती साधी होती. विद्यार्थ्याच्या हातून हजामत करून घेणाऱ्याला ती फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळे. दुकानाचा दर ज्यांना झेपत नसे, ती माणसे येऊन बसत. अरबी म्हणीतले अनाथ येथेही पुन्हा भेटतात. फरक इतकाच, की येथे ते आपल्या पायांनी आले होते, सौदा त्यांना ठाऊक होता, आणि शेजारी शिक्षक उभा होता. मिनेसोटा राज्याने १८९७ मध्ये न्हाव्यांसाठी परवान्याचा कायदा केला, आणि पुढे इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. आज तेथील अनेक राज्यांत परवान्यापूर्वी हजार ते पंधराशे तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. भारतात कारागिराला असा परवाना काढावा लागत नाही. त्याची परीक्षा गिऱ्हाईक घेते.

मात्र भारतात डोके कोण देणार, याच्या आधी दुसरा एक प्रश्न होता : कोणाचे डोके घेतले जाणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत साताऱ्याचे दिवस सांगितले आहेत. गावात न्हाव्यांची वाण नव्हती आणि घरात त्यांना द्यायला पैसेही होते. तरीही अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कोणी तयार नव्हते. तेव्हा भावंडांचे केस कापण्याचे काम थोरल्या बहिणीने उचलले, आणि करता करता ती त्यात तरबेज झाली. तिला वस्ताद नव्हता, दुकान नव्हते. ती धंदा शिकली ती धंद्याने दार लावून घेतले म्हणून. न्हावीकामाच्या शिक्षणाचा इतिहास कोणी लिहिला, तर त्या मुलीचे नाव कोणत्या प्रकरणात घालायचे, हा प्रश्न लेखकाला पडावा असाच आहे. येथे नाभिक समाजालाच दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. गावगाड्यात त्यांचे स्थान स्वतःच वरच्यांच्या मर्जीवर होते. अस्पृश्यांची हजामत करणाऱ्या न्हाव्याकडून इतर गावकरी हजामत करून घेत नसत, आणि त्याचे बलुते बुडे.

घरातली डोकी घरातल्याच हातांनी कापण्याचा प्रसंग सर्व देशावर आला तो २०२० मध्ये. महामारीमुळे केशकर्तनालये बंद झाली. महाराष्ट्रात ती २८ जूनपासून केस कापण्यापुरती उघडली, दाढीला तेव्हाही परवानगी नव्हती. मधल्या तीन महिन्यांत अनेक पत्नींनी पतीच्या आणि अनेक बापांनी मुलांच्या डोक्यावर कात्री चालवली. बहुतेकांची उमेदवारी एका डोक्यातच संपली. काहींना मात्र ते काम आवडले, आणि नोकरी गेलेल्या काही तरुणांनी पुढे तोच मार्ग धरला. एरवी हे पाऊल उचलायला त्यांना घरचेच आडवे आले असते.

घरचे आणि गावचे दोन्ही आडवे येत असताना हे पाऊल उचलणाऱ्या स्त्रीचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात आहे. गडहिंग्लज तालुक्यातील हसूर सासगिरी या गावी शांताबाई यादव यांचे पती न्हावीकाम करीत. १९८४ मध्ये ते अकस्मात वारले. पदरात चार लहान मुली. शेतमजुरीवर त्या पाच जणींचे पोट भरेना. गावातील एक पुढारी, हरिभाऊ कडूकर, यांनी सुचवले, की पतीचा वस्तरा बाईंनीच हाती घ्यावा. गावाला न्हावी नाही, आणि घरात हत्यारे आहेत. हे ऐकून गाव हसले. पुरुषाच्या गालाला परक्या बाईचा हात लागणार, ही कल्पनाच लोकांना सोसवेना. बाईंनी नवऱ्याला काम करताना पाहिले होते, एवढीच त्यांची शिदोरी. तेव्हा हरिभाऊ स्वतः पुढे बसले. पहिले डोके त्यांचे.

या एका बसण्याचे महत्त्व बारकाईने पाहण्यासारखे आहे. गावातल्या प्रतिष्ठित माणसाने आपले डोके नवशिक्या स्त्रीच्या स्वाधीन केले. त्याला तिच्या स्वस्त दराची गरज नव्हती, आणि आरशात काय दिसेल याची फिकीर नसावी इतका तो उपेक्षितही नव्हता. त्याच्या डोक्यावर काही वाकडे झाले असते, तर सगळ्या गावाने पाहिले असते. अनाथाऐवजी गावचा पुढारी बसला, तेव्हा हसणाऱ्यांचे हसू हळूहळू ओसरले. मुले येऊ लागली, मग थोरले. शांताबाई आसपासच्या वाड्यांवर पायी जाऊन काम करू लागल्या. गावची दुकाने सुधारली, तरुण मंडळी नव्या धर्तीच्या दुकानांकडे वळली, तेव्हा त्यांनी म्हशी भादरण्याचे कामही कमी लेखले नाही. त्या मिळकतीवर त्यांनी मुलींची लग्ने केली. भारतातील पहिली स्त्री-न्हावी म्हणून त्यांचा उल्लेख वृत्तपत्रांतून वारंवार झाला आहे. पहिली कोण, याचा निवाडा कठीण. साताऱ्याच्या त्या बहिणीचा दावा त्याही आधीचा ठरेल.

आज शहरातल्या दुकानात शिकायला येणाऱ्या प्रौढ उमेदवाराची स्थिती याहून सोपी आहे, तरी तिला तिचे कंगोरे आहेतच. त्याचा शिक्षक पुष्कळदा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असतो. मुंबईच्या अनेक दुकानांत तो उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला, बाराव्या वर्षापासून कात्री धरलेला असतो. चाळिशीच्या माणसाने बावीस वर्षांच्या पोराला ‘उस्ताद’ म्हणायचे, त्याच्या गिऱ्हाइकांचे केस झाडायचे, चहा आणायचा, ही उमेदवारीची फी काही शाळांच्या फीपेक्षा जड असते. जे ती देऊ शकत नाहीत, ते पैसे भरून खासगी संस्थेत जातात. तेथून प्रमाणपत्र घेऊन निघालेल्याला लोक ‘हेअर स्टायलिस्ट’ म्हणतात आणि अदबीने बोलतात. त्याच्याहून उत्तम हात असलेल्या पिढीजात कारागिराला मात्र ‘न्हावी’ म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारतात. संत सेना महाराजांचे अभंग गाणाऱ्या समाजात हे घडावे, याचे नवल वाटते. नाभिक समाजातील अनेकांना बाहेरून येणाऱ्या उमेदवारांविषयी जी अढी वाटते, तिचे मूळ येथे आहे. काम वाटून गेल्याचे त्यांना तितके वाटत नाही, जितके मान एकट्या नवागतालाच मिळाल्याचे वाटते.

सरकारी योजनांतही हा पेच उमटला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पंतप्रधान विश्वकर्मा’ योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत नाभिकांचा समावेश आहे. अठरा वर्षांवरील कारागिराला काही दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना करण्यात आली. परंतु जो हा धंदा आधीच करीत आहे, त्याच्यासाठी ती आखलेली आहे. जो तिशीत नव्याने सुरुवात करू पाहतो, त्याला आधी कोठेतरी हात बसवून घ्यावा लागतो. आणि हात बसेपर्यंतच्या महिन्यांचा खर्च कोणी उचलत नाही. दुकानमालक उमेदवाराला खुर्ची देतो, तीही बहुधा वाट्याने. त्या खुर्चीवरच्या मिळकतीचा ठरलेला भाग मालकाचा, उरलेला कारागिराचा. गिऱ्हाईकच बसले नाही, तर दोघांचाही वाटा शून्य.

म्हणून नव्या कारागिराचे लक्ष बसलेल्या गिऱ्हाइकापेक्षा परत येणाऱ्यावर असते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कापणी सरळ झाली असेल, तर वाढलेले केसही वळणात राहतात. आत कोठे पायरी राहून गेली असेल, तर ती पहिल्या दिवशी तेल-पाण्याखाली झाकली जाते आणि पंधरा दिवसांनी वर येते. तोपर्यंत गिऱ्हाईक घरी असते, कारागीर दुकानात असतो, आणि चूक कोणाच्या हातची हे दोघांनाही माहीत असते. महिन्याने तेच गिऱ्हाईक दारात आले, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे न जाता नवशिक्याच्याच खुर्चीकडे वळले आणि मागच्या वेळेसारखेच करा म्हणाले, तर दुकानातले जुने कारागीर काही बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून चहा आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवतात.